खवलीचा चेंडू आणि कायदा

एका जंगलात, मुलांनो, पाणी कमी होतं. पण कायदा मात्र मुबलक होता.

तिथं खवली नावाचं खवल्या मांजर राहायचं. एका वारुळातल्या मुंग्यांवर तिचं आणि तिच्या पिल्लाचं पोट चालायचं. सिंहमहाराजांनी नेमकी तीच जागा तरणतलावासाठी निवडली. जागा मोकळी करायला तरस हवालदार आले.

"ए बाई, ऊठ."

"मग आम्ही खायचं काय, साहेब?"

"ते माझ्या हुकमात नाही. ऊठ म्हटलं ना."

खवली उठली नाही. चावलीही नाही. तिनं पिल्लाला पोटाशी घेतलं आणि अंगाचा चेंडू केला. संकट आलं की त्यांच्या कुळात एवढंच करतात.

हवालदारांनी ढकललं, ओढलं, लाथ घातली. खवल्यांवर घासून त्यांचंच नाक सोललं. झाडावरचं माकड म्हणालं, "साहेब, जरा हात लावू का?"

शेवटी हवालदारांनी आणखी तीन शिपाई बोलावले आणि चौघांनी तिला गडगडत गवा न्यायाधीशांपुढे नेलं. न्यायाधीश रवंथ करत होते.

"हवालदारांवर हल्ला का केलास?"

"मी हललेसुद्धा नाही, महाराज."

"तोच तर आरोप आहे. न हलणं म्हणजे वजन लावणं. वजन लावणं म्हणजे बळ वापरणं. शिवाय पोटाशी पिल्लू होतं. म्हणजे तुम्ही दोघं. म्हणजे जमाव."

"मला भीती वाटली, महाराज."

"मग पळायचं."

"पळाले असते तर?"

"फरारी ठरली असतीस."

"हात उचलला असता तर?"

"मग हा खटला इतका लांबलाच नसता."

"मग मी करायचं तरी काय?"

"सहकार्य," न्यायाधीश म्हणाले. "स्वतःला स्वतः उचलायचं आणि हवालदार दाखवतील तिथं नेऊन ठेवायचं."

खवलीला पिल्लासकट कैद झाली. माकडालाही झाली, त्यानं मदत देऊ केली होती, पण हसत.

जाताना खवलीनं विचारलं, "माझं वारूळ तरी राहील ना?"

न्यायाधीशांनी हवालदारांकडे पाहिलं.

"सकाळीच सपाट केलं, महाराज," नाक चोळत हवालदार म्हणाले. "वारुळानं पूर्ण सहकार्य केलं."

तात्पर्य : मुलांनो, कायद्याच्या माणसाशी भांडू नये, त्याला पाहून पळू नये आणि त्याच्यापुढे गप्प बसूनही राहू नये. चांगल्या नागरिकानं तो यायच्या आधीच सपाट होऊन असावं.