उपरण्याखालची निवड

शनिवारी सकाळी अकरा वाजता चुडामण पाटलांनी मुंबईच्या आर्किटेक्टचा उजवा हात आपल्या उपरण्याखाली घेतला. आमच्या गावच्या सरकारी दवाखान्याची रचना कोणत्या फर्मने करायची, हे ठरवण्याची बैठक तिथपर्यंत सुरळीत चालली होती.

१९६४चा मार्च. धुळ्याच्या एका दैनिकाचा वार्ताहर म्हणून मी कोपऱ्यात बसलो होतो. बातमी दुपारच्या एसटीने पाठवायची म्हणून घरूनच लिहून आणली होती: निवड शांततेत पार पडली. अशा बैठका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांत नवीन काही घडत नाही.

मुंबईची आणि सुरतेची, अशा दोन फर्म्स उरल्या होत्या. सरकारी परिपत्रकाप्रमाणे आधी काम पाहून फर्म निवडायची, मग फी ठरवायची, आणि ती दुसऱ्या फर्मला कळू द्यायची नाही. सुरतेचे भागीदार तर बाहेर ओट्यावर, खिडकीखालीच बसलेले. समितीचे अध्यक्ष चुडामण पाटील तापीकाठचे गुजर शेतकरी. हयात बैलबाजारात गेलेली. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. उपरण्याखाली समोरच्याची बोटं दाबतात; जितकी बोटं तितका भाव, आणि समोरच्याने तितकीच दाबली की सौदा पक्का. परिपत्रकाचं इतकं काटेकोर पालन मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

"पाटील, हे काय?" गटविकास अधिकारी म्हणाले.

"गुप्त ठेवानं शे ना? मंग ठेवी ऱ्हायनू."

पाटलांनी चार बोटं दाबली, म्हणजे बांधकामखर्चाच्या चार टक्के फी. मुंबईच्या साहेबांना हे इकडचं स्वागत वाटलं. सभ्य माणूस, त्यांनीही पाटलांची चार बोटं तितक्याच मायेने दाबली.

"सौदा झाया," पाटील म्हणाले.

"कसला? आमची फी सहा टक्के आहे. आणि आम्ही दरावर घासाघीस करत नाही."

"मंग हात कसाले दाबा?"

अधिकाऱ्यांनी घसा साफ केला. दुसऱ्या फर्मला ऐकल्याशिवाय निवड कायदेशीर होत नाही, असं ते म्हणाले. पाटलांनी सुरतवाल्यांना आत घेतलं आणि नुसती दोनच बोटं दाबली. मुंबईचा सौदा त्यांच्या लेखी झालाच होता; इतक्या कमी दरात हा माणूस आपणहून उठून जाईल, हा हिशेब. पण भागीदारांच्या घरी तीन पिढ्या बैलांचा व्यापार. त्यांनी पापणी न हलवता दोन बोटं दाबली आणि उपरणं स्वतः बाजूला केलं.

आता दवाखाना एक आणि सौदे दोन.

"एक रद्द करा," अधिकारी म्हणाले.

"बजारमा तोंड कसं दखाडू, रावसाहेब?"

दारात नर्स जसोदाबाई उभ्या होत्या. दोन वर्षं त्या शाळेजवळच्या सोसायटीच्या गोदामात, सरकीच्या पोत्यांत बाळंतपणं करत होत्या. महिनाअखेर काम सुरू झालं नाही तर अनुदान परत जाणार होतं.

"पाटील, मन्ही बाळंतखोलीनं काय?"

"दोन व्हतीन, बाई."

"पैले एक तरी बांधा."

माझी बातमी एसटीने वेळेवर गेली आणि छापूनही आली. तिच्यात फर्मचं नाव नव्हतं; ती वाचून सोमवारी दोन्ही फर्म्सची माणसं तंबू घेऊन जागेवर हजर झाली. दोघांनी आपापल्या चुन्याच्या रेघा आखल्या. मुंबईच्या नकाशातला मुख्य दरवाजा सुरतेच्या संडासात उघडत होता. अधिकाऱ्यांनी जिल्ह्याला विचारणा केली. उत्तर आलं नाही.

गुरुवारी पहाटे बैलगाडीतून कळा सुरू झालेली एक बाई आली. गोदाम त्या आठवड्यात खताने भरलेलं. जसोदाबाईंनी मुंबईच्या ओव्हरसियरला तंबूतून उठवलं, सुरतेच्या माणसांकडून खाट आणि पाण्याचं पिंप घेतलं, आणि दोघांनाही रेघांच्या बाहेर उभं केलं. सूर्य वर येईतो मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

शुक्रवार संध्याकाळपर्यंत तंबूत आणखी दोन बाया दाखल झाल्या होत्या. महिनाअखेरीला चार दिवस उरले आहेत. तंबू परत मागायला जसोदाबाईंकडे कोणी जावं, हे ठरवण्यासाठी समितीची बैठक सोमवारी बोलावली आहे.