नदीचे आगमन

"शुद्धलेखनात आपला हात धरणारा अख्ख्या शिरूर तालुक्यात न्हाई!" असं जालिंदर छाती ठोकून सांगायचा. गडी उंबरमळ्याच्या दूध डेअरीत कारकून, आणि शिरूरच्या एका साप्ताहिकाचा गावचा वार्ताहर. लग्नाला गेला, की आधी खिशातलं लाल पेन काढून पत्रिकेतले ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचा आणि मगच पंगतीला बसायचा. नवरीच्या बापाला घाम फुटायचा!

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात सरपंच मारुतरावांनी महादेवाच्या देवळासाठी दौंडला दगडी नंदी घडवायला टाकला. जालिंदरनं लगेच बातमी पाठवली. बुधवारी पेपर आला. जालिंदरनं फक्त 'आमच्या वार्ताहराकडून' एवढंच डोळे भरून वाचलं. गावानं मात्र मथळा वाचला: 'उंबरमळ्यात शुक्रवारी वाजतगाजत नदीचे आगमन'!

दोन महिने गावात पाण्याचा टिपूस नव्हता. विहिरींनी तळ गाठलेला. आणि आता पेपरातच छापून आलं म्हटल्यावर शंका कोण घेणार?

दोन कोसांवरून डोक्यावर हंडा आणणारी पुतळाबाई डेअरीच्या दारात आली. "जालिंदरा, कुठनं येनार रं?"

"दौंडहून, आत्या. ट्रॅक्टरातनं."

"आगं बया! ट्रॅक्टरात मावंल व्हय?"

"न मावायला काय झालं? तीन फुटी तर हाय!"

"तीन फूट तर तीन फूट! आमच्या म्हशी तरी बसतील."

"आत्या, तुमचं आपलं कायतरीच!" जालिंदर हसला आणि दुधाचे कॅन मोजायला लागला. हल्लीची शिकलेली माणसं काय करतील नेम नाही, असं म्हणत म्हातारी खण-नारळ काढायला घरी गेली.

शुक्रवारी वेशीवर जत्रा लोटली! दोनशे हंडे, बॅरल, म्हशी. दोघांनी तर पाइप जोडून इंजिनं आणून ठेवलेली. पुतळाबाई नदीची ओटी भरायला हिरवा खण घेऊन सगळ्यात पुढं. तेवढ्यात तालुक्याहून तहसीलदारसाहेबांची जीप आली. साहेबांच्या हातात तोच पेपर.

"आमच्या परवानगीशिवाय नदी सोडली कुणी?"

जालिंदरला वाटलं, उन्हानं साहेबाचं डोकं फिरलं. इतक्यात बँड वाजवत ट्रॅक्टर आला. मारुतरावांनी ऐटीत चादर ओढली. ट्रॉलीत नंदी!

बँड बंद पडला. एक म्हैस तेवढी ओरडली.

साहेबांनी मथळा मोठ्यानं वाचला. सगळं गाव जालिंदरकडं वळलं.

"छापणाऱ्यानं ठिपका खाल्ला!" जालिंदर ओरडला. "माझ्याकडं नक्कल हाय! हे बघा!" खिशातला कागद त्यानं साहेबांपुढं धरला. साहेबांनी बघितलं आणि कागद त्याच्याकडं फिरवला.

'नदीचे.' त्याच्याच सुबक अक्षरात! ठिपका कुठंच नाही. तोंड लपवायला त्याला जागा मिळेना.

पुतळाबाईच्या हातातला खण तसाच राहिला. "म्हंजी पानी न्हाईच का रं?" 

साहेबांनी दोनशे रिकामे हंडे बघितले. मग घाबरून जालिंदरचा कागद बघितला. "हे पण पेपरात देणार का?"

जालिंदरच्या आधी पुतळाबाईच म्हणाली, "देनार की! तुमच्या नावासकट!"

संध्याकाळच्या आत गावात दोन टँकर आले! जालिंदर आ वासून बघत राहिला. आजवर पाण्यासाठी त्यानं सात बातम्या दिल्या होत्या, सातही बिनचूक, आणि वेशीपर्यंत तांब्याभर पाणी आलं नव्हतं. आणि एवढासा ठिपका! तो नसण्यात केवढी ही ताकद! त्याच्या अंगावर काटाच आला.

पुतळाबाईनं टँकरच्या तोटीला हळदीकुंकू लावलं, खण-नारळानं ओटी भरली आणि जालिंदरच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "एक ठिपका गाळलास तर दोन टँकर आलं. आख्खी ओळ गाळली असतीस तर धरन आलं आसतं बघ! आता आपल्या रस्त्याचं बी आसंच चुकीव!"

जालिंदर लगेच कागद-पेन घेऊन बसला. रस्त्याची बातमी त्यानं चार वेळा लिहिली, पाच वेळा लिहिली. पण काय सांगावं! जन्मात पहिल्यांदा चुकायला बसला, आणि मेली एक चूक होईल तर शपथ! उंबरमळ्याचा रस्ता अजून कच्चाच आहे.