पुढेच जाणारी गाडी

माल्कम लस्कोम्बने ॲल्डरमीर गाडी घरी आणली आणि त्याच आठवड्यात अंगणातला गुलाबाचा ताटवा मुळासकट उपटून काढला. हिलरीने, म्हणजे त्याच्या बायकोने, स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं की गुलाबांनी तुझं काय घोडं मारलंय. माल्कम म्हणाला की अशा तोलामोलाच्या गाडीने रस्त्याकडे पाठ करून निघणं शोभत नाही. सफरचंदाच्या झाडाला वळसा घालून तिला डौलात बाहेर पडता आलं पाहिजे. हिलरीने एवढी वर्षं या माणसाबरोबर काढली होती. तिने खिडकी लावून घेतली.

खरी गोष्ट अशी होती की गाडी मागे कशी घ्यायची हे माल्कमला माहीत नव्हतं.

आता हे कुणाला सांगणार? ॲल्डरमीरबद्दल आमच्या थॉर्नकोम्ब गावात कुणाला काही कळत असेल तर ते माल्कमला, हे गावाने केव्हाच मान्य केलं होतं. ती बनवणारा कारखाना लहानसा, बंद पडूनही जमाना झाला. मोजक्याच गाड्या निघाल्या आणि त्याही हाताने घडवलेल्या. आत अक्रोडाचं लाकूड, मऊ कातडं, आणि बॉनेटखाली असं इंजिन की हायवेला लागल्यावर भल्याभल्यांनी बाजूला व्हावं. शाळेत मुख्याध्यापक असल्यापासून माल्कम ‘थ्री हेअर्स’ पबमध्ये बसून या गाडीवर व्याख्यानं देत आला होता. रंगाचे हात किती देतात, कातडं कुठल्या गाईचं, सगळं पाठ. निवृत्त झाल्यावर विल्टशरच्या एका म्हाताऱ्या ब्रिगेडियरकडे त्याला ती मिळाली, गर्द हिरवी. किल्ली देताना ब्रिगेडियर म्हणाले, “जरा गिअर दाखवू का? थोडी हट्टी आहे.”

“छे, छे,” माल्कम म्हणाला.

ते ‘छे, छे’ त्याला फार महागात पडलं. पुढचे सगळे गिअर लोण्यासारखे पडत होते, पण रिव्हर्स काही केल्या सापडेना. पुस्तिकेत दाखवलेल्या जागी तो नव्हताच, कारण मधल्या कुठल्यातरी मालकाने गिअरबॉक्स बदलून टाकला होता. माल्कमने दांडा वर ओढून पाहिला, बाजूला रेटून पाहिला, गोंजारूनही पाहिला. शेवटी धीर करून ब्रिगेडियरना फोन लावला. पाऊस, ब्रिगेडियरच्या कुत्र्याचा संधिवात आणि पुन्हा पाऊस एवढं बोलून झाल्यावर त्याने आभार मानून फोन ठेवला. एकदा छे म्हटल्यावर माणूस विचारणार तरी कोणत्या तोंडाने.

दुसरीकडे कुठे हे खपून गेलं असतं. पण आमच्या डेव्हनमधले रस्ते म्हणजे दोन्ही बाजूंना घराएवढी उंच कुंपणं आणि मध्ये जेमतेम एका गाडीची वाट. समोरून कुणी आलं की दोघांपैकी एकाने मागे जायचं, वाट जिथे जरा पोटाशी फुगली असेल तिथे अंग चोरून उभं राहायचं, आणि समोरच्याने जाताना हात वर करायचा. आमच्याकडे माणसाचं वळण यावरून ठरतं. तू मागे कसा जातोस ते दाखव, मी तुझं खानदान सांगतो.

सुरुवातीला लोक आपण होऊनच मागे जात. चर्चचे व्हिकर मागे गेले, पोस्टाची बाई मागे गेली. माल्कमला वाटलं, हा गाडीचा मान आहे, आणि त्याची छाती फुगली. पण मानालाही मर्यादा असते. मग त्याने युक्ती काढली. समोरून कुणी आलं की खाली उतरायचं, बॉनेट उघडायचं आणि गंभीर चेहऱ्याने आत बघत राहायचं. इंजिनात डोकं घातलेल्या माणसाला प्रश्न विचारणं आमच्यात असभ्य समजतात. समोरचा बिचारा आवाज न करता मागे जाई.

युक्ती नामी होती, पण तिने घात केला. महिन्याभरात गावभर झालं की माल्कमची ती गाडी सारखी बंद पडते. पबमध्ये लोक त्याच्या खांद्यावर हात ठेवू लागले. मालकाने एकदा बिअरचे पैसे घेतले नाहीत. एका म्हातारीने तर तिच्या भाच्याची छोटी जपानी गाडी विकायची आहे, वापरून बघा, असं कनवाळूपणे सुचवलं. माल्कम आतल्या आत जळत राहिला. ज्या गाडीसाठी जन्मभर झुरला तिची गावाने कीव करावी! बरं, बोलावं तरी पंचाईत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

त्यातच टॅम्सिनचं लग्न आलं. टॅम्सिन त्याची एकुलती एक मुलगी. तिला ॲल्डरमीरमधून चर्चला न्यायचं हे ती रांगत होती तेव्हापासून त्याने ठरवलं होतं. हिलरीने मात्र गुपचूप टॅक्सी सांगून ठेवली.

“ती टॅक्सी रद्द कर,” माल्कम म्हणाला.

“आणि तुझी राणी वाटेत बसली म्हणजे?”

“ती बसत नाही. सगळ्या गावादेखत ती चर्चपर्यंत जाईल. मी बॉनेटला हातसुद्धा लावणार नाही.”

शेवटी तोडगा निघाला. रिवाजाप्रमाणे नवरीची आई आधी जाऊन चर्चमध्ये बसते, पण हिलरी आपल्या गाडीतून मागोमाग येणार, म्हणजे वेळ आलीच तर मुलीला तिच्या गाडीत बसवता येईल. तिच्या मागे करवल्यांना घेऊन माल्कमच्या भावांची गाडी. माल्कमने आदल्या दिवशी चर्चपर्यंतची वाट पायी पालथी घातली. शनिवारी त्या वेळेला तिथे चिटपाखरूही नसतं, हे त्याने चौघांना विचारून पक्कं केलं.

शनिवारी ॲल्डरमीर निघाली ती बघण्यासारखी. बॉनेटवर पांढऱ्या फिती, मागच्या सीटवर टॅम्सिनचा शुभ्र झगा आणि पुढे लांब कोटात माल्कम, कॉलर इतकी ताठ की मान वळेना. इंजिन असं गुरगुरत होतं की त्याला गहिवरून आलं. आता चर्चचा मनोरा दिसणार, एवढ्यात वळणावर समोर गावातल्या वॉल्टर एंडाकॉट या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर उभा. मागे ट्रॉली, ट्रॉलीत मेंढ्या. त्या जायच्या होत्या आदल्या दिवशी, पण कुंपण तोडून पळाल्या आणि रात्रभर वॉल्टरला नाचवून आज हाती लागल्या होत्या.

ट्रॉलीवाल्यासाठी मोटारवाल्याने मागे जायचं, याबद्दल आमच्याकडे दोन मतं नाहीत. भावांची गाडी मागे जाऊन शेताच्या फाटकात शिरली. हिलरीही सराईतपणे तिच्यापाठोपाठ आत गेली. सगळे आता माल्कमची वाट बघू लागले.

माल्कम समोर बघत बसला.

वॉल्टर तसा सहनशील. तो थांबला, त्याने टोपी काढून डोकं खाजवलं, आणि मग म्हणाला, “माल्कम, घेतोस ना रे मागे?”

“तू घेतलास तर बरं होईल,” माल्कम म्हणाला.

“मेंढ्या आहेत ट्रॉलीत.”

“माझ्याकडे नवरी आहे.”

पण ट्रॉली घेऊन मागे जायला वॉल्टरला जागाच नव्हती. मेंढ्या ओरडत होत्या. मागून हिलरीने हॉर्न वाजवला. फाटकाशी भाऊ उतरून एकमेकांत कुजबुजू लागले, आणि काय कुजबुजत होते ते माल्कमला न ऐकताही कळत होतं. बॉनेट उघडलं तर सुटका होती. पण मग गाडीची अब्रू गेली ती कायमची, आणि तीही लग्नाच्या दिवशी. पलीकडे चर्चची घंटा वाजायला लागली.

“बाबा,” टॅम्सिन पुढे वाकून म्हणाली, “तू मागे का घेत नाहीस?”

त्याने आरशातून तिच्याकडे पाहिलं. जगात आज एकाच माणसाशी खोटं बोलणं त्याला शक्य नव्हतं.

“मला येत नाही,” तो अगदी हळू म्हणाला. “रिव्हर्स कुठे आहे तेच मला सापडलेलं नाही. आणली त्या दिवसापासून.”

“म्हणजे ती बंद पडत नाही?”

“कधीच पडली नाही गं. एकदाही नाही.”

टॅम्सिनने काच खाली केली, डोक्यावरची जाळी मागे सारली आणि आईच्या गाडीपर्यंत ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, “वॉल्टरकाका, नवरीने एकदा घर सोडलं की मागे फिरू नये, ठाऊक आहे ना?”

“आहे की. आमची आजी त्यासाठी विसरलेला गुच्छसुद्धा आणू द्यायची नाही.”

“मग बाबांनी इंजिनावर गाडी मागे घेतली तर तो अपशकुन. लस्कोम्बांच्या घरात त्यावर उतारा आहे. नवरीची गाडी आपल्या माणसांनी हाताने मागे न्यायची. मग ते मागे जाणं धरत नाहीत.”

असा काही उतारा लस्कोम्बांच्या सात पिढ्यांत कुणी ऐकला नव्हता. पण वॉल्टरचा चेहरा उजळला. “असं आहे होय? मग आधी नाही का सांगायचं?” असं म्हणत तो खाली उतरला, हात पँटला पुसले आणि चांदीच्या भांड्याला लावावेत तसे बॉनेटला लावले. फाटकातून भाऊ आले, पिसांच्या हॅटा सावरत करवल्या आल्या. चढ होता. सगळ्यांना धाप लागली, एका काकांच्या कोटाची शिवण उसवली, पण गाडी मागे सरकू लागली. सगळ्यात शेवटी हिलरीही आली. बॉनेटला हात लावून तिने काचेतून नवऱ्याकडे असं काही पाहिलं की त्याने नजर स्टिअरिंगवरून उचलली नाही.

वाट फुगली होती तिथे गाडी बाजूला लागली. वॉल्टरने ट्रॅक्टर पुढे काढला, आणि जाताना हात वर करून थांबला नाही, टोपीच काढली. माल्कमची मान पुन्हा ताठ झाली. एवढ्या हातांनी उचलून धरलेली गाडी अख्ख्या परगण्यात दुसरी कुणाची असेल, असं त्याला वाटेना.

नवरी अर्धा तास उशिरा पोचली आणि लग्न झकास लागलं. पण खरी मजा पुढेच आहे. मेजवानी संपायच्या आत निम्म्या गावाला ती प्रथा ठाऊक होती. आठवड्याभरात पबमधल्या म्हाताऱ्यांना ती आपल्या लहानपणापासून आठवू लागली. एकाच्या पणजीची तर घोडागाडीसुद्धा अशीच ढकलली होती म्हणे. गाडी बंद पडते हा विषय कुणी काढीना. नवरीसाठी ज्याने इंजिनाला मागे जाऊ दिलं नाही तो माल्कम, असं आता परगावच्या लोकांना सांगत.

वसंतात वॉल्टर टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला. त्याच्या नातीचं लग्न होतं. त्याचं घर चर्चच्या अगदी समोर, मध्ये फक्त रस्ता. तरी पण गाडी मिळेल का, आणि आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे आधी थोडी मागे ढकलता येईल का, असं त्याने विचारलं. माणसं तयार होती. नवरामुलगा तर लंडनहून हातमोजे घेऊन येणार होता.

“अवश्य,” माल्कम म्हणाला. गुलाबाच्या ताटव्याची जागा ओलांडून तो वॉल्टरला रस्त्यापर्यंत पोचवायला गेला, इतका तो खूश होता.

लग्नाच्या सकाळी तो गाडी पुसत होता. पलीकडच्या दाराच्या कोपऱ्यातली धूळ काढायला म्हणून आडवा वाकला, आणि तोल जाऊन सगळं वजन गिअरच्या दांड्यावर पडलं. दांडा खाली दबला, डावीकडे सरकला आणि कुठल्याशा खाचेत टप्पकन बसला. माल्कम तसाच थिजला. मग सावकाश सीटवर बसला, इंजिन चालू केलं, क्लच सोडला. ॲल्डरमीर गुरगुरत वीतभर मागे गेली.

त्याने झटकन ब्रेक दाबला आणि चोरासारखं चहूकडे पाहिलं. फाटकापलीकडे वॉल्टरचे पाहुणे कोट काढून, बाह्या सारून गाडी न्यायला कोपऱ्यावरून येताना दिसत होते. त्याने इंजिन बंद केलं आणि टॅम्सिनला फोन लावला.

“सापडला,” तो कुजबुजला. “मागे गेली. अगदी लोण्यासारखी गेली गं.”

टॅम्सिनने आधी एवढंच विचारलं,

“कुणी पाहिलं?”

“नाही.”

“मग बाबा, त्याला पुन्हा हात लावू नकोस.”

माल्कमने दांडा मोकळा केला, कोट नीट केला, आणि ढकलणाऱ्यांसाठी फाटक उघडलं.