गोलकीपरचं टक्कल

शनिवारी संध्याकाळी भटू घरी आला तेव्हा उखर्डू नाना ओट्यावर बसून कानात काडी फिरवत होते. त्यांनी पोराकडे पाहिलं आणि काडी कानातच राहिली. भटूच्या डोक्यावर एक केस नव्हता. मिश्याही नव्हत्या. एकुलता एक मुलगा, वरणगावच्या कारखान्यात कायम झालेला, उद्या ज्याचं घर पाहायला धुळ्याहून मुलीकडचे येणार होते, तो नवरदेव दारात उभा होता आणि त्याचं डोकं मावळत्या उन्हात चकाकत होतं.

नानांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवून पाहिला.

"भटू, मी जित्ता शे ना रे?"

प्रश्न रास्त होता. आपल्या मुलखात मुलगा डोकं आणि मिश्या एकदमच उतरवतो ते बाप गेल्यावर. नाना चांगले ठणठणीत होते, सकाळीच तीन भाकरी खाऊन शेतात जाऊन आले होते. पण पोराचं डोकं पाहिल्यावर त्यांना उगीचच अशक्त वाटायला लागलं.

भटूने चपला काढता काढता सगळं सांगितलं. कारखान्याच्या वसाहतीत सगळ्या देशाची माणसं, त्यामुळे फुटबॉलचं वेड भारी. भटू आपल्या खात्याच्या संघाचा गोलकीपर. यंदाच्या वर्ल्ड कपला सगळी वसाहत ब्राझीलच्या बाजूने, हा एकटा फ्रान्सच्या. कारण एकच, फ्रान्सचा गोलकीपर बार्थेझ. सात सामन्यांत गड्याने फक्त दोन गोल खाल्ले. त्याचं डोकं तुळतुळीत. भटूने कँटीनमध्ये सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं की फ्रान्स जगज्जेता झाला तर मी बार्थेझसारखं डोकं करीन, आणि हरला तर तुम्ही म्हणाल तसं. झिदानने डोक्याने दोन गोल ठोकले, तिसरा शेवटी झाला, आणि आठवडा संपायच्या आत मित्रांनी भटूला वाजतगाजत न्हाव्याकडे नेलं. बार्थेझला मिश्या नाहीत हे न्हाव्याच्या खुर्चीवर बसल्यावर कोणाला तरी आठवलं.

"त्या फ्रान्सवालाना बाप जित्ता शे का?" नानांनी विचारलं.

"ते काय माहीत, नाना."

"मंग आधी ते इचारी लेता ना."

भटूच्या तोंडून पुढे असंही निघून गेलं की फ्रान्सचाच एक गडी सामन्याआधी बार्थेझच्या टकलाचा मुका घ्यायचा, आणि त्यानेच संघाला यश आलं. यावर नानांनी भटूच्या टकलाचा मुका कोणी घेतला अशी चौकशी केली. सगळ्या खात्याने घेतला होता, म्हणून भटू चपला नीट लावत बसला.

नानांच्या संतापाला कारण होतं. या फुटबॉलपायी भटूची दोन स्थळं आधीच हुकली होती. पहिली मुलगी पाहायची त्या दिवशी सामना होता, म्हणून हा गेलाच नाही. दुसऱ्या ठिकाणी गेला तो नाकावर चेंडू लागून, बटाट्याएवढं नाक घेऊन, आणि मुलीच्या आजीला वाटलं पोराचं नाक जन्मापासून तसंच. पोरगं तिशीला आलं होतं. धुळ्याच्या जीवराम आबांची मुलगी बी.ए. झालेली, दिसायला नीटस. पोरीने मुलगा पसंत केला होता, आता फक्त घर पाहायचं उरलं होतं. जीवराम आबा मुख्याध्यापक, शिस्तीचा माणूस. हे स्थळ गेलं तर भटू आयुष्यभर गोलपोस्टमध्येच उभा राहणार, हे नानांना स्पष्ट दिसत होतं.

मार्ग काढला तो भटूच्या आईने. सुगंधाबाईंनी पोराच्या डोक्यावरून हात फिरवला, कपाळाला हात लावला आणि मग शांतपणे म्हणाल्या, "सांगी दिऊत, बालाजीले केस दिधात. नोकरी कायम व्हयनी म्हनीसन नवस व्हता."

नवस म्हटल्यावर कोण काय बोलणार? पण तिरुपतीहून आलेल्या घरात प्रसादाचा लाडू हवाच. सुगंधाबाईंनी लगेच कढई चढवली आणि बेसन भाजायला घेतलं. बालाजीचा लाडू कसा असतो हे घरात कोणी पाहिलेलं नव्हतं, पण पाहुण्यांनी तरी कुठे पाहिला असेल, असं म्हणून त्यांनी तो जरा मोठा वळला. नाना समाधानाने झोपले.

त्यांना बिचाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं की घोटाळा दुपारीच रेल्वेत होऊन गेला होता. भटू भुसावळहून पॅसेंजरने येत होता. रात्रपाळी करून आलेला, त्यामुळे खिडकीला डोकं टेकून त्याला गाढ झोप लागली होती. त्याच डब्यात जळगावला चढले गिरधर मामा, म्हणजे मुलीचे सख्खे मामा आणि या सोयरिकीतले मध्यस्थ. त्यांनी भटूला पाहिलं. उघडं डोकं, सफाचट मिशी, सुकलेलं तोंड. केस उतरवलेल्या माणसाला "का" म्हणून विचारायची आपल्याकडे रीत नाही, आणि दुःखातल्या माणसाला डुलकी लागली असेल तर उठवणं हे तर पापच. मामा समोरच्या बाकावर हात जोडून बसून राहिले आणि पाचोऱ्याला हळूच उतरले. उतरल्याबरोबर त्यांनी धुळ्याला फोन लावला.

धुळ्याला जीवराम आबांना आधी रागच आला. व्याही जायचे आणि आपल्याला कळवायचंसुद्धा नाही? पण मग त्यांनीच विचार केला, घरात एवढं दुःख, एकटा पोरगा, तो काय काय पाहणार. घर पाहायचा कार्यक्रम आपोआपच मागे पडला. जीप तर ठरलेलीच होती. तीच जीप आता दारावर जाण्यासाठी, म्हणजे दुःखाच्या घरी भेटीला, निघणार होती. आबांची थोरली बहीण धुरपदाबाई ठेवणीतलं लुगडं परत पेटीत घालून साधं नेसली. दारावर जाऊन रडावं तर धुरपदा अक्कानेच, असा त्यांचा चार गावांत लौकिक होता.

रविवारी सकाळी नानांनी धुतलेलं धोतर नेसलं, दुसऱ्या चहासाठी थोडी भुणभुण केली, सुगंधाबाईंनी "पाव्हनासंगे लेज्यात" म्हणून ती उडवून लावली, तेव्हा ते पाहुण्यांना सामोरे जायला सडकेवर जाऊन उभे राहिले. मामा सोडले तर पाहुण्यांपैकी कोणाला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, बोलणी आणि मुलगी पाहणं सगळं मामांच्या मार्फत झालेलं. पण जीप म्हटल्यावर ओळखू येईलच. जीप मात्र आली ती मारुतीच्या देवळाकडून. दुःखाच्या दारापर्यंत गाडी नेत नाहीत, म्हणून पाहुणे देवळापाशीच उतरले आणि पायी निघाले.

उभं राहून कंटाळलेले नाना घराकडे वळले तर पुढे माणसांचा घोळका. बायकांचे पदर हनुवटीपर्यंत ओढलेले, पुरुषांच्या माना खाली, चेहरा कोणाचाच दिसत नव्हता, आणि सगळ्यांत पुढे एका बाईने असा सूर लावलेला की ऐकणाऱ्याचं काळीज हललं पाहिजे. गावात कोणीतरी गेलं होतं तर. नानांनी उपरणं खांद्यावर घेतलं, मान खाली घातली आणि रीतीप्रमाणे शेवटी चालू लागले. शेजारच्या अभिमनने नानांना पाहिलं आणि तोही हातातली बादली ठेवून आला.

"कोन गयं, नाना?" त्याने हलक्या आवाजात विचारलं.

"माहीत नही. चाल."

नाना चाललेत म्हटल्यावर गल्लीतले आणखी पाच-सात जण मागे आले. पुढे धुरपदाबाई रडत होत्या, "नाना रे, तुन्हा घरमा पोर देवानी ठराई टाकेल व्हती रे! घर काय देखानं, झोपडं ऱ्हातं तरी पोर देतूत रे नाना!"

गावात नाना म्हणवून घेणारे अनेक. त्यातला खोकणारा एक होता, तोच गेला असं आपल्या नानांनी धरलं. त्याच्याशी बांधावरून झालेलं भांडण आठवून त्यांना वाईट वाटलं, डोळ्यांत पाणीही आलं. मात्र गड्याने पोराचं लग्न ठरवलं आणि कोणाला कळू दिलं नाही, घुमा तो घुमाच, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

आणि मग घोळका त्यांच्याच दारात थांबला.

नानांना क्षणभर काही उमगेना. मेला तो नाना, आणि दार तर आपलं. त्यांनी हळूच डोक्यावरची टोपी चाचपली. टोपी होती, टोपीखाली डोकंही होतं, पण आपण नक्की आहोत का, याविषयी त्या वेळी त्यांची खात्री देता आली नसती.

आतून सुगंधाबाई नवं लुगडं नेसून लाडवांचं ताट घेऊन बाहेर आल्या. धुरपदाबाईंनी "नाना गया वं माय" म्हणत त्यांच्या गळ्याला मिठी घातली. सुगंधाबाईंनी सडकेकडे पाहिलं. नाना सडकेवर गेले होते आणि तिथून ट्रक जातात. ताट हातातून सुटलं, लाडू ओट्यावरून गडगडत खाली आले आणि बाई मटकन खाली बसल्या.

"सकाये दुसरा चहा मांगा त्यासनी," त्या ऊर बडवून रडायला लागल्या, "मी नही दिधा वं! आते कोन्हले देऊ?"

बत्तीस वर्षांच्या संसारात नानांनी बायकोच्या तोंडून आपल्याविषयी एवढं चांगलं कधी ऐकलं नव्हतं. गर्दीतून वाट काढत ते पुढे झाले.

"मंग आते दे ना," ते म्हणाले.

पुढचा काही वेळ कोण काय बोललं ते कोणालाच सांगता येणार नाही. गिरधर मामांनी नानांना पाहून रामराम म्हटला तो भुताला म्हणतात तसा. सुगंधाबाई रडत होत्या आणि नानांना चापट्याही मारत होत्या. एवढ्यात गोंधळ ऐकून भटू बाहेर आला, आणि सगळ्यांच्या नजरा त्याच्या डोक्यावर स्थिरावल्या. सुगंधाबाईंनी पदराने डोळे पुसत बालाजीचा नवस सांगितला. त्याच वेळी भटू मामांना बार्थेझचं सांगत होता. दोन्ही कारणं एकाच वेळी ऐकून जीवराम आबांचा चेहरा लाल झाला.

सगळे ओट्यावर बसले. खोटं उघडं पडलंच होतं, तेव्हा भटूने पहिल्यापासून सगळं सांगितलं. धुरपदाबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आन तो ब्राझील जिंकता तर?"

"तर रोनाल्डोसारखं करायचं ठरलं होतं," भटू म्हणाला. तो खोटं बोलणारा मुलगा नव्हता. "पण त्याचंही डोकं भादरलेलंच आहे, अक्का."

जीवराम आबा उठले. बाप जिवंत असताना परक्या देशाच्या गोलकीपरसाठी जो डोकं उतरवतो, तो उद्या माझ्या मुलीला काय वागवणार, असं ते बोलले आणि पायात वहाणा घालू लागले. भटू मान खाली घालून उभा होता. तिसरं स्थळही चाललं होतं.

"आबा, जरा थांबा," नाना म्हणाले. "अक्का वाटवर काय बोलन्यात? झोपडं ऱ्हातं तरी पोर देतूत. मी मांगेच व्हतू. बठ्ठा गावनी ऐकं."

अभिमनने मान हलवली. ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांनीही हलवली.

"ते गेलेल्या माणसाला म्हटलं होतं," आबा चिडून म्हणाले.

"तेच सांगस मी. मेयेल मानुसले देयेल शब्द फिरावता येत नही."

"अहो, पण तुम्ही मेलेले नाही आहात."

"शब्द दिधा तव्हय तुम्हनाकरता मेयेलच व्हतू ना?"

आबांनी पस्तीस वर्षं मुलांना शिकवलं होतं, पण असला विद्यार्थी त्यांना भेटला नव्हता. त्यांनी बहिणीकडे पाहिलं. धुरपदाबाईंनी ओट्याखालचा एक लाडू उचलला, फुंकर मारून धूळ उडवली आणि खाल्ला.

"मन्हं रडनं खोटं नव्हतं, जीवराम," त्या म्हणाल्या. "आन लाडू बी बरा शे."

आबा वहाणा न काढताच पुन्हा ओट्यावर टेकले. चहा झाला, नानांनी दोन घेतले. मग मंडळी उठली आणि गल्लीतून देवळाकडे निघाली. नाना मागोमाग पोचवायला गेले, पण काही विचारायचं धाडस त्यांना झालं नाही. आपल्याकडे दुःखाच्या दारावरून उठताना कोणी "येतो" म्हणत नाही. तसं म्हणणं म्हणजे या घरी पुन्हा अशाच कामाला येण्याची वेळ बोलावणं. आल्या पावली, न बोलता निघून जायचं. बायका तशाच जीपमध्ये चढल्या, मामा चढले. आबांनी जीपच्या दारावर हात ठेवला, मागे वळून नानांकडे पाहिलं, मग लांबवर ओट्यावर उभ्या असलेल्या त्या टकलाकडे पाहिलं.

"येतो, नाना," शेवटी ते म्हणाले.