जावयाचा जबडा

पुढ्यात ताट आलं तेव्हाच चंद्रभानला कळून चुकलं, की आपण यायला नको होतं. तुपात बुडालेले पुरणाचे धोंडे, शेजारी अनारशांची चळत, आणि समोर सासू-सासरे हात जोडून बसलेले. लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना. जावई म्हणजे साक्षात विष्णू. आणि विष्णूचं तोंड एका बोटापलीकडं उघडत नव्हतं.

त्याचं असं झालं. बायको कमल पुढं माहेरी पोखर्णीला गेली, आणि इकडं पेडगावात चंद्रभाननं भर दुपारी बाजेवर पडून ऐसपैस जांभई दिली. कानापाशी कट् वाजलं, तोंड मिटलं आणि जबडा तसाच अडकला.

परभणीच्या डॉक्टरनं कानापुढं बोट दाबून पाहिलं. "बिजागरी सरकलीय. गरम फडक्यानं शेका, पातळ खा, कमी बोला."

"आराम कवा पडंल?"

"दीड महिना धरा. मध्येच मोकळा झाला तरी कडक चावू नका, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून."

धोंड्याचा महिना दीड महिना थांबतो थोडाच? तो गेला की पुन्हा तीन वर्षांनी. म्हणून बिचारा आला.

"खावा की, पाव्हणं," सासरे लिंबाजी म्हणाले.

"जबडा दुखायलाय, मामा," चंद्रभान दातांतूनच म्हणाला.

लिंबाजींनी बायकोकडं, कस्तुराबाईकडं, पाहिलं, कस्तुराबाईनं लिंबाजींकडं. मागच्या धोंड्याला थोरल्या जावयाचं, दत्तरावाचं, असंच पोट दुखलं होतं. मनगटावर घड्याळ बांधलं तेव्हा राहिलं. तेव्हापासून जावयाची दुखणी ह्या घरात नाडी न बघता ओळखली जात.

"दुखतच आसंल," लिंबाजी समजूतदारपणे म्हणाले. "आमी हाव की."

संध्याकाळी टेरिकॉटचं कापड आलं. चंद्रभाननं ते कपाळाला लावलं आणि जेवायला बसून पुन्हा नुसता आमरस प्याला.

"रस जायलाय आन धोंडा जाईना," चुलीपाशी कस्तुराबाई कुजबुजली. "हे कसलं वो दुखणं?"

"कापडानं भागलं न्हाई," लिंबाजी म्हणाले.

चंद्रभानच्या कानावर हे पडलं. तो तसाच उठून चुलीपाशी गेला. "मामा, मला खरंच काई नको. डाक्तर म्हणले, दीड म्हैना लागतो."

लिंबाजींचा चेहरा उतरला. दीड महिना! म्हणजे जावई एवढं रुसायच्या तयारीनं आला होता!

"येवढं ताणू नका, पाव्हणं," ते हळूच म्हणाले. "घरातल्या घरात मिटवू."

सकाळी घड्याळ आलं. आता काहीतरी खाल्ल्याशिवाय सुटका नाही, म्हणून चंद्रभाननं अनारशाचा तुकडा कसाबसा दातांत सारला. कानापासून टाळूपर्यंत अशी कळ गेली, की डोळे भरून आले.

"डोळ्याला पाणी आलं की वो त्यांच्या," कस्तुराबाई हळहळली. "थोरल्याइतकंच दिलं म्हणून लागलं बगा मनाला."

घर पाहुण्यांनी भरलेलं. त्यातून चंद्रभाननं कमलला परसात गाठलं. "तू तरी सांग त्यांला."

कमलनं त्याच्याकडं थोडं नवलानं पाहिलं. "सांगते," म्हणाली आणि आत गेली. लिंबाजी घाईघाईनं टोपी घालून परभणीच्या गाडीला निघाले.

निघायच्या दिवशी चंद्रभानला पाटावर बसवलं. लिंबाजींनी त्याच्या बोटात सोन्याची अंगठी सरकवली. "आता तरी तोंड उघडा, देवा."

कस्तुराबाई ओवाळायला वाकली. चंद्रभाननं वर पाहिलं. तिच्या गळ्यात नुसती काळी पोत होती. आल्या दिवशी तिथं बोरमाळ होती, तिच्या आईनं दिलेली.

चंद्रभानचा आ झाला. पुरता, पडजीभ दिसेपर्यंत. कानापाशी कट् वाजलं.

"उघडलं गं बाई, उघडलं!" शेजारणी टाळ्या पिटत म्हणाल्या. "अंगठीचंच दुखणं व्हतं!"

"मामा, ही घ्या माघारी," तो अंगठी ओढत म्हणाला. "मामीची माळ..."

"धोंड्यात जावयाला दिलेलं माघारी घेत नसत्यात," लिंबाजींनी त्याची मूठ मिटवली. "खावा आता पोटभर."

चंद्रभान खाऊ लागला. घासागणिक कळ मस्तकात जात होती. पण थांबावं तर दारातून समोर गोठा दिसत होता, आणि गोठ्यात लिंबाजींची एकुलती एक गाय. त्यानं ताट चाटूनपुसून खाल्लं.

"ग्वाड हाय का?" कस्तुराबाईनं डोळे पुसत विचारलं.

"लय," तो डोळे पुसत म्हणाला.

पेडगावला परतताना गाडीत कमल हळूच म्हणाली, "आवो, खरंच दुखत व्हतं?"

"आजून दुखायलाय."

ती खिडकीकडं तोंड करून म्हणाली, "अंगठीचं मीच सांगितलं आईला. दिवाळीला तुमी म्हणले व्हते की, मानसाच्या बोटात काईतरी पायजे म्हणून. मला वाटलं, तेच मनात हाय."

म्हणाला होता खरा. चंद्रभाननं अंगठीचा हात धोतराच्या घडीत दडवला.

कमलनं पदराचा बोळा केला, त्यावर तोंडाची वाफ सोडली आणि भर गाडीत, कुणाकडं न बघता, त्याच्या कानापाशी धरला.

"बरं व्हायला किती दिस म्हणले डाक्तर?"

"दीड म्हैना."

"आन आईला माळ व्हायला?"

ते काही डॉक्टरनं सांगितलं नव्हतं.