अटकेचं गाणं आणि सोमवारची कहाणी

सरोज टॉकीजच्या पडद्यातून पळालेला दरोडेखोर जेक सोमवारी दुपारी द्वारकाबाईंच्या स्वयंपाकघरात हातात अक्षता घेऊन कहाणी ऐकत बसला होता, तेव्हा त्याला धरायला तीन घोडेस्वार पोलीस आणि एक घोडा दारात आले. घोडा एकच होता, कारण सिनेमा कमी पैशांत काढलेला होता.

टॉकीजचा पडदा आणि द्वारकाबाईंची चूल यांच्यामध्ये एकच भिंत. सिनेमातल्या थंड मुलुखाची सरहद्द या भिंतीपाशी संपायची, त्यामुळे पलीकडची माणसं अधूनमधून अलीकडे येत. बर्फही येई. तो कापसाचा असे आणि त्याच्या वाती छान वळल्या जात, म्हणून द्वारकाबाईंची काही तक्रार नव्हती.

त्या दिवशी त्यांच्या सोमवारच्या व्रताचं उद्यापन होतं. व्रत धरलं होतं यजमानांच्या आवाजासाठी. दामोदरपंत टॉकीजच्या दारावर तिकिटं फाडायचे आणि घरी आरती म्हणायचे, ती अशी की समोरची माणसं हातातलं काम टाकून उभी राहत. गेल्या वर्षी तापातून उठले आणि तोंडातून शब्द फुटेना. डॉक्टर म्हणाले, गळ्यात दोष काही नाही. तेव्हापासून पंत चहासुद्धा खुणेनं मागत.

उद्यापनाची कहाणी उपाशी माणसाला सांगायची आणि ऐकणारा अर्ध्यातून उठला तर व्रत पुन्हा पहिल्यापासून, असा द्वारकाबाईंच्या सासरचा रिवाज. आळीत तर सगळ्यांची जेवणं उरकलेली. इतक्यात भिंतीतून जेक आला आणि अंगावरचा कापूस झटकत म्हणाला, "बाई, मध्यंतरापासून पोटात काही नाही हो." द्वारकाबाईंनी देवाला हात जोडले आणि पाट मांडला.

आता सार्जंटनं उंबऱ्याच्या आत पाय टाकला. "कायद्याच्या नावानं..."

"बूट," द्वारकाबाई म्हणाल्या.

तिघांनी बूट बाहेर काढले. सार्जंटच्या मोज्याला भोक होतं. ते कॅमेऱ्यात कधी आलं नव्हतं.

"बाई, या इसमाला अटक करायची आहे. सरहद्दीच्या कायद्याप्रमाणे आधी अटकेचं गाणं पूर्ण म्हणायचं, मग बेड्या."

"म्हणा की. माझी कहाणी संपल्यावर."

"कायद्याला थांबता येत नाही."

"भाऊ, तुमचं गाणं अजून सुरूही झालं नाही. माझी कहाणी अर्ध्यावर आलीय. राणी आत्ता कुठं देवळाच्या पायरीवर बसलीय. तिला तिथंच टाकून उठू?"

सार्जंटनं टोपी काढून विचार केला. "म्हणजे आधी सुरुवात आपण केलीत."

"मीच केली."

"मग रीतसर आहे."

"बसा हो सार्जंट," जेक म्हणाला. "राणीचा नवरा हरवलाय. फार गुंतलंय सगळं."

"तू गप बस. तू आरोपी आहेस."

"आरोपी नंतर," द्वारकाबाई म्हणाल्या. "आत्ता तो माझा ऐकणारा आहे."

त्यांनी तिघांच्या हातांवर अक्षता ठेवल्या. कहाणी पुढं गेली. राणीचा नवरा देवळाच्या दारात उभा राहिला, तेव्हा तिसऱ्या शिपायानं बाहीनं डोळे पुसले. सगळ्यांनी देवाला अक्षता वाहिल्या आणि द्वारकाबाईंचा जीव अर्धा हलका झाला.

नैवेद्याच्या चूर्म्याचे तीन भाग केले होते. एक देवाला, एक घरच्यांना, एक गाईला. आळीतली गाय चरायला गेलेली. द्वारकाबाई अंगणात आल्या आणि त्यांनी घोडा नीट न्याहाळला. त्याची मागची बाजू सिनेमात कधी दाखवली नव्हती, त्यामुळे मागचे दोन पाय पुसट होते.

"पुसट असले तरी आहेत ना," त्या म्हणाल्या आणि गाईचा भाग त्याच्यापुढं ठेवला. घोड्यानं तो चाटूनपुसून खाल्ला. घरच्यांच्या भागातला घास जेकला आणि पोलिसांनाही मिळाला.

मग सार्जंटनं गाणं सुरू केलं. जेकनं शहाण्यासारखे हात पुढं केले. सार्जंट आणि दुसरा शिपाई गात होते:

"दूर टेकडी, दूर धुकं..."

यापुढं तिसऱ्यानं खालच्या सुरात उत्तर द्यायचं होतं. त्यानं तोंड मोठं उघडलं. आवाज आला नाही.

"मला फक्त तोंड उघडायचे पैसे मिळतात," तो ओशाळून म्हणाला. "आवाज भिंतीपलीकडं असतो, वाजंत्र्यांजवळ."

"मग जेकला तिकडं नेऊन गा," द्वारकाबाई म्हणाल्या.

"अटकेशिवाय नेता येत नाही. आणि गाण्याशिवाय अटक नाही."

जेक घाबरला. "म्हणजे मी कोण?"

"पळालेला नाहीस आणि पकडलेलाही नाहीस," सार्जंट म्हणाला.

"बाई, असं नका हो करू! पकडला गेलो की मी सुटतो. पुढच्या खेळाला पुन्हा टेकडीवर असतो, मोकळ्या हवेत. इथं असा किती दिवस उभा राहू?"

"देव कुणाला अधांतरी ठेवत नाही, भाऊ. पुन्हा म्हणून बघा."

तेवढ्यात मागच्या दारानं दामोदरपंत आले. पडदा रिकामा होता आणि लोक शिट्ट्या मारत होते, हे त्यांनी हातांनी सांगितलं. मग जेकचे पुढं केलेले हात बघून ते थबकले. हे गाणं ते रोज दारावर उभं राहून ऐकत आले होते.

"दूर टेकडी, दूर धुकं..." दोघांनी पुन्हा धरलं. तिसऱ्यानं तोंड उघडलं.

"घरी चल रे, घोड्या, घरी चल."

आवाज मागच्या दाराकडून आला, खरखरीत, गंजलेल्या कडीसारखा, पण खालच्या सुरात बरोबर बसला. तिसऱ्या शिपायानं ओठ जुळवून घेतले. द्वारकाबाईंनी मागं वळून पाहिलं नाही. हातातली तुपाची वाटी तेवढी त्यांनी खाली ठेवली, सांडू नये म्हणून. गाणं शेवटच्या ओळीपर्यंत गेलं आणि बेड्या खटकन लागल्या.

"सुटलो बाई!" जेक म्हणाला आणि त्यानं बेड्यांसकट वाकून नमस्कार केला.

"सुखी राहा. पुढच्या वेळी जेवूनच जा."

पोलिसांनी बूट घातले, घोडा पुढं घातला आणि सगळे भिंतीतून गेले. पलीकडं टाळ्या पडल्या.

दामोदरपंत पाटावर बसले. वाढलेल्या चूर्म्याकडं पाहून त्यांनी नेहमीप्रमाणे बोट उचललं, मग ते खाली घेतलं.

"तूप जरा जास्त घाल," ते म्हणाले.

"घालते हो," द्वारकाबाई म्हणाल्या आणि फार वेळ घालत राहिल्या.

संध्याकाळी पंतांनी आरती म्हटली. दुसऱ्या कडव्यात त्यांना दम लागला आणि आवाज चिरकला. तेव्हा भिंतीपलीकडून दोन आवाजांनी ओळ उचलून धरली. तिसऱ्यानं बहुधा तोंड उघडलं असावं. आरती पूर्ण झाली. द्वारकाबाईंनी प्रसादाच्या चार वाट्या भिंतीशी ठेवल्या आणि दुपारचा कापूस गोळा करून वाती वळायला घेतल्या.