शिसवी सुकाणू

सहदेव सुताराने सुकाणूसाठी लाकूड निवडण्यात चार दिवस घालवले. कल्याणच्या वखारीत त्याने सागाच्या फळ्या ठोकून पाहिल्या, ऐनाला नख लावलं आणि शेवटी देखणं शिसव उचललं. होड्या बांधणाऱ्या काळुरामने त्याला बजावलं होतं, की तुझं सुकाणू ठाण्याला जाऊन धड परत आलं तर माझी पोरगी शेवंती तुझी, नाहीतर दुसरं घर बघ.

आता सहदेवचा जन्म गेला देव्हारे आणि पाट करण्यात. शिसवाच्या तीन फळ्या त्याने घरच्या रीतीने गरम सरस लावून अशा जोडल्या, की सांध्यात केस शिरू नये. वर तेल चोळून चकाकी आणली. आगगाडी आल्यापासून खाडीवरची कामं निम्म्यावर आली होती, काळुरामचा ताठा मात्र शाबूत होता. त्याने सुकाणू उन्हात धरलं. फळ्या जखडणाऱ्या लाकडी खुंट्या दिसेनात, तेव्हा पोराने त्या आतून लपवल्या असतील असं तो धरून चालला. परीक्षा चोख व्हावी म्हणून वल्हीसुद्धा काठावर ठेवली.

ओहोटीबरोबर दोघांना घेऊन होडी सुटली. कोपर गाव दिसू लागलं तशी ती मनाला येईल तिकडे तोंड फिरवू लागली. काळुरामने दांडा ओढला, तर तो एका फळीसकट हातात आला. उरलेल्या दोन फळ्या ठाण्याच्या वाटेला लागल्या होत्या.

"खुंट्या किती मारल्यास रं?"

"एकबी नाय, मामा. सरस लावलाय. माझे पाट दहा-दहा वर्सं हालत नाय."

"पाटाला पान्यान कोन बुडवतं?"

तेवढ्यात होडी चिखलात रुतली. भरती यायला पाच-सहा तास होते. पहिल्या तासात काळुरामने सहदेवच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दुसऱ्या तासात, पोरगी जन्मभर घरात ठेवीन पण तुला देणार नाही, असं खाडीला साक्षी ठेवून सांगितलं. तिसऱ्या तासाला त्याच्या पोटात कावळे कोकलू लागले. जेवायचा बेत ठाण्याला होता. सहदेवकडे मात्र त्याच्या आईने, हौसाबाईने, बांधून दिलेली भाकरी होती. सोयरीक ठरल्याशिवाय मुलीच्या बापाने मुलाच्या घरचं पाणीही घ्यायचं नसतं. पण इथे चिखलात कोण बघतंय, असं म्हणून काळुरामने भाकरी मोडली.

बघत होती कलावती. चिखलातले निवट्या मासे धरून ती कल्याणच्या बाजाराला निघाली होती.

"सोयरीक जुलली जनू?" तिने बांधावरून विचारलं.

काळुरामचं तोंड भरलेलं. नाही म्हणायला त्याने जोरजोरात हात हलवला. तिनेही हसून हात हलवला आणि चालू लागली. त्या दिवशी निवट्यांबरोबर ही बातमी दारोदार फुकट मिळाली.

भरती आली. उरलेल्या एका फळीने सहदेव वल्हवत होता आणि शेवंती हातची गेली म्हणून त्याचे डोळे भरून येत होते. काळुराम चारचौघांत नकार कसा द्यायचा ते मनात घोकत होता. कल्याणच्या धक्क्यावर पाहतो तर अख्खी आळी जमलेली. हौसाबाई नवं लुगडं नेसून उभी, शेवंती मान खाली घालून हसतेय आणि जातीतले वडीलधारे अण्णा ताट घेऊन सगळ्यांच्या पुढे.

काळुरामने नाही म्हणायला तोंड उघडलं आणि अण्णांनी त्यात मूठभर साखर कोंबली. साखर तोंडात घेऊन नकार द्यायची रीत कल्याणात अजून कुणी काढलेली नव्हती.